फाटेल, पण सुटणार नाही

जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात सगळेच त्यांना वहिनी म्हणत. मालक त्यांचे सख्खे धाकटे दीर, तेव्हा त्यांना तसा अधिकार होताच; परंतु रंगारी, वेल्डर, एवढेच काय, वयाने दहा वर्षांनी वडील असलेले, बैठकांच्या गाद्या शिवणारे गादीवालेही त्यांना वहिनीच म्हणत. माझ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या गाडीच्या निमित्ताने मी तेथे अकरा महिने नियमितपणे जात होतो. माझ्याही तोंडी तेच संबोधन कधी बसले, ते कळले नाही.

त्याच कारखान्यात काम करणारे यजमान गेले तेव्हा वहिनी त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. महिन्याभराने दीर घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता घर सांभाळा. मी काही कमी पडू देणार नाही."

"घर काही पळून जात नाही, भाऊजी. मला ह्यांचं टेबल द्या."

टेबल मिळाले, आणि त्याच्याबरोबर कोणालाच नको असलेले काम मिळाले: खिडक्यांच्या काचांभोवती रबर बसवण्याचे. इंजिनाचे कौतुक होते, रंगाची वाहवा होते. रबराकडे मात्र गाडीत पाणी शिरेपर्यंत कोणी ढुंकूनही पाहत नाही. शिकवायला कोणी नव्हते. वहिनी जुनी रबरे काढत, ती उलटी करून खिडकीच्या उजेडात धरत आणि आधीच्या कारागिराने कोठे घाई केली, कोठे आळस केला, हे त्यांवरील खुणांवरून ओळखत. अठरा वर्षांत त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा चपटा झाला आणि नखाच्या कडेला काळी रेघ कायमची बसली.

त्यांचे नियम दोनच होते. सोल्यूशन, म्हणजे रबर चिकटवायचा द्रव, चौकटीला आणि रबराला, दोन्हीकडे लावायचे, आणि बोट टेकवल्यावर ते बोटाला येईनासे झाले, म्हणजेच दोन्ही जोडायचे. दुसरा नियम असा की रबर मापापेक्षा बोटभर जास्त कापायचे आणि कोपऱ्याकडे रेटत न्यायचे. ओढून बसवायचे नाही. "साहेब," त्या मला म्हणाल्या होत्या, "ओढून लावलेलं रबर पहिल्या दिवशी नवरदेवासारखं दिसतं. महिन्याभरात मूळ स्वभावावर जातं."

माझ्या गाडीच्या उजव्या दोन्ही खिडक्या त्यांनी पूर्ण केल्या आणि थोरल्या बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते म्हणून त्या तिच्याकडे गेल्या. आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. त्या परतल्या तो गुरुवार होता आणि दुपारी चार वाजता गाडी माझ्या ताब्यात यायची होती. मी सवयीप्रमाणे अकरालाच हजर होतो. वहिनींनी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्या थेट गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या.

"हे कोणी लावलं?"

"मी," मालक म्हणाले. "तुम्ही तिकडे अडकलात. काम थांबतं का कोणासाठी?"

"थांबलं असतं तर बरं झालं असतं."

त्यांनी वहीचा कागद फाडून दोन पट्ट्या केल्या. उजव्या खिडकीत एक पट्टी धरून काच वर केली आणि पट्टी ओढली. ती मध्येच फाटली. डाव्या खिडकीतील पट्टी खिशातून रुमाल निघावा तशी अलगद बाहेर आली.

"कागदावर गाडी चालत नाही, वहिनी."

वहिनी खिडकीजवळ सरकल्या. वरच्या कोपऱ्यावर नख फिरवताच भरलेल्या काळ्या लुकणाचा खपला निघाला आणि खाली करंगळी जाईल एवढी फट दिसली.

"हे काय?"

"फिनिशिंग."

"रबर तोकडं पडलं की त्याला फिनिशिंग म्हणतात, हे मला अठरा वर्षांत कोणी सांगितलं नाही. हे उपटावं लागणार."

मालकांचा चेहरा लाल झाला. "सहा गाड्या रांगेत आहेत. ही चार वाजता जाणार म्हणजे जाणार. रबराला हात लावलात तर उद्यापासून टेबल रिकामं करायचं. दादांकडे पाहून आजवर पुष्कळ ऐकून घेतलं."

कारखान्यातील हातोडे थांबले. घरी बसणे वहिनींनी एकदा नाकारले होते. आता ते पुन्हा त्यांच्यापुढे ठेवले गेले होते, आणि या वेळी विनंती म्हणून नव्हे. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग फटीत चपटा अंगठा घातला आणि रबर ओढले. ते संत्र्याच्या सालीसारखे अखंड हातात आले. खालच्या पत्र्याला सोल्यूशन जवळजवळ धरलेच नव्हते.

"सोल्यूशन ओलं असतानाच चिकटवलंत. बोट लावून पाहिलं होतं का?"

मालकांनी नजर घड्याळाकडे वळवली.

"नीट बसलेलं रबर फाटतं, भाऊजी, पण सुटत नाही. खोटं वाटत असेल तर पलीकडचं माझं ओढून बघा."

"ओढतोच."

"ओढा म्हणतेच आहे."

मालक तावातावाने गाडीला वळसा घालून गेले. त्यांनी सुरीने रबराचे टोक उचकटले, दोन्ही हातांनी धरले, एक पाय गाडीच्या दाराखालच्या पत्र्याला लावला आणि जोर केला. रबर ताणले गेले, कुरकुरले आणि तुटले. वीतभर तुकडा हातात घेऊन मालक फरशीवर बसले. बाकीचे रबर चौकटीत जसेच्या तसे होते. रंगाऱ्याला अकस्मात खोकल्याची उबळ आली.

वहिनी तुटलेल्या जागेवर वाकल्या आणि त्यांनी तिच्यावरून बोट फिरवले. "जोड देऊन भागणार नाही. पूर्ण नवीन लावावं लागेल. डाव्या दोन आणि ही एक, तीन खिडक्या. कोण लावणार?"

कोणीही पुढे आले नाही.

"मला तर उद्यापासून बंदी आहे."

मालक विजार झटकत उठले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मी गाडी सोमवारी नेईन. मात्र वहिनींच्याच हातची."

"टेबलाचं मी रागाच्या भरात बोललो," मालक पुटपुटले.

"मीही काही गोड बोलले नाही. पण उपटलं ते उपटायलाच हवं होतं. पुन्हा तसं दिसलं तर पुन्हा उपटेन."

नव्या रबराचे वेटोळे आदल्या दिवशी सोडून सरळ पसरावे, म्हणजे त्याचा पीळ जातो, असा वहिनींचा जुना आग्रह होता आणि मालकांना त्यासाठी कधीच सवड नसे. शुक्रवारी नऊला, काही कारण नसताना, मी तेथे गेलो. वहिनींच्या टेबलावर आणि त्यापुढे जोडलेल्या दोन बाकांवर रबराच्या लांब पट्ट्या ओळीने पसरलेल्या होत्या.

"काल संध्याकाळी भाऊजींनीच मांडल्यात," वहिनी म्हणाल्या. "दोन वाकड्या आहेत."

त्यांनी त्या दोन सरळ केल्या आणि सोल्यूशनचा डबा उघडला.