कोरीची न फिरलेली बॅट

कोरी विटमर नेब्रास्कातल्या एका डुक्करपालाची मुलगी. तिच्या वडिलांनी, म्हणजे लाइल विटमरनी, गोठ्यामागे ट्रॅक्टरचा जुना टायर साखळीला टांगून दिला होता आणि शाळेतून आली की ती बॅट घेऊन त्याला बडवत बसायची. कॉलेजात आम्हा दोघींना एकच खोली मिळाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला तळहात दाखवले. घट्टे इतके जाड होते की मी म्हटलं, हिला बोटं मिटता येतात तरी कशी?

आमचं कॉलेज छोटं. गावात दोन चर्च, धान्याची उंच कोठारं आणि एकच सिग्नल. सॉफ्टबॉलचं मैदान मक्याच्या शेताला लागून होतं आणि वसंतात तिथे असा वारा सुटायचा की होमजवळ, म्हणजे बॅट घेऊन उभं राहतात तिथे, उडालेली टोपी थेट कुंपणावर जाऊन अडकायची. पहिली तीन वर्षं कोरी आमच्या संघात सगळ्यात जोरात मारणारी होती आणि आमचा संघ मात्र हरायचा. तिने मारायचं, बाकीच्यांनी घालवायचं, असा आमचा शिरस्ता. तिसऱ्या वर्षी शेवटची मॅच हरल्यावर ती बूट काढता काढता मला म्हणाली, "डेल, मला एकदाच जिंकायचंय गं. एकदा. मग आयुष्यभर डुकरं पाळीन."

चौथ्या वर्षी आम्हाला रेगन मिळाली. टेक्सासहून आलेली, ताडमाड उंच, पहिल्या वर्षाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. तिचा चेंडू खालून सुटायचा आणि बॅटपाशी येईपर्यंत कुठे नाहीसा व्हायचा ते समोरच्या पोरींना कळायचंच नाही. फेब्रुवारीत आमच्याकडे बर्फ असतो म्हणून आम्ही ॲरिझोनाला खेळायला गेलो आणि तिथून एकही मॅच न हरता परत आलो. बसमध्ये पोरी घसा बसेपर्यंत गात होत्या. कोरी पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होती, कारण त्या सबंध दौऱ्यात तिच्या बॅटला एकदाही धड चेंडू लागला नव्हता.

"थंडीमुळे असेल," मी म्हटलं.

"ॲरिझोनात?"



मार्च गेला, एप्रिल आला. आम्ही जिंकत राहिलो आणि कोरी बाद होत राहिली. सरावात यंत्रातून आलेले चेंडू ती अशी भिरकावायची की मक्याच्या शेतात शोधायला जावं लागे. मॅच सुरू झाली की संपलं. एकदा खरोखरच कडक फटका बसला, चेंडू कुंपणापलीकडे निघाला होता, आम्ही उठून उभ्या राहिलो, आणि वाऱ्याने तो उचलून पुन्हा मैदानात आणून तिथल्या पोरीच्या हातात दिला. परत येऊन कोरीने हेल्मेट फेकलं. ते पाण्याच्या मोठ्या पिंपावर बसलं, पिंप फुटलं आणि सगळ्यांच्या पिशव्या भिजल्या. मग तीच गुडघ्यावर बसून फडक्याने पाणी पुसत होती आणि बाकीच्या पोरी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत मॅचला टाळ्या वाजवत होत्या. ती मॅचही आम्ही जिंकलो.

सल्ला तर ज्याला त्याला द्यायचा होता. मेसमधली बाई ताटात वाढता वाढता म्हणायची, "पोरी, तू फार विचार करतेस." दातांच्या डॉक्टरने तिच्या तोंडात आरसा घालून तिला उभं कसं राहायचं ते सांगितलं. चर्चमधल्या एका आजीने लकी मोजे विणून दिले, जांभळे. कोरीने तेही घातले. काही उपयोग झाला नाही, वर पाय खाजले.

एका दुपारी ती मला म्हणाली, "आपण हरत असतो ना, तर निदान रडता तरी आलं असतं. आता रडले तर म्हणतील, हिला स्वतःचंच पडलंय."

"रड की माझ्यासमोर."

"तुझा ॲव्हरेज बघून मला तुझाही राग येतो."

ती हे हसत म्हणाली, पण खोटं बोलत नव्हती.

आमच्या कोचबाई, लेनोर ऑर्थमन, साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बॅटिंगमध्ये कोरीला चौथ्या नंबरावरून सहाव्यावर नेलं, मग नवव्यावर. नववा म्हणजे शेवटचा. कोरी त्यांच्या खोलीत गेली, मी दाराबाहेर उभी होते.

"कोच, मला बाहेरच बसवा."

"पहिल्या बेसवर तुझ्याइतके झेल कोण घेतं?"

"मी मारत नाहीये."

"दिसतंय मला. तू पकड. धावा बाकीच्या करतील."

बाहेर आल्यावर कोरी म्हणाली, "ऐकलंस? चार वर्षं मी यांच्यासाठी मारलं, आणि आता मी नुसती पकडायला."

मे महिन्यात विभागीय सामने आमच्याच राज्यात होते. लाइल विटमर पिकअप घेऊन आले. मागे बर्फाची पेटी आणि कोरीच्या आईने केलेले, कोबी आणि खिमा भरलेले पाव. गाडीतून उतरता उतरताच ते म्हणाले, "तुझं मागचं कोपर खाली पडतंय."

"डॅड, आज बॅटिंगवर एक शब्द बोलायचा नाही."

"मग बोलू कशावर?"

"डुकरांवर बोला."

आणि तो बिचारा माणूस दोन दिवस डुकरांवर बोलला. कुठल्या मादीला किती पिल्लं झाली, खाद्याचा भाव काय झालाय, नवा पंखा कसा बंद पडतो. कोरी बाद होऊन आली की ते कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभे राहायचे, तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "त्या पंख्याची मोटरच खराब निघाली." एकदा मला हसू आवरेना. कोरीलाही आवरलं नाही. त्या सबंध मोसमात ती मनापासून हसलेली मला तेवढीच आठवते.

विभाग जिंकून आम्ही राष्ट्रीय स्पर्धेला दक्षिणेत गेलो. तिथलं ऊन असं की बाकावर हात ठेववत नव्हता. रेगनने एकामागून एक संघ गुंडाळले आणि आम्ही फायनलला पोचलो, ज्याची आमच्या कॉलेजात कोणी कल्पनाही केली नव्हती. गावातून दोन बसगाड्या भरून लोक आले. समोर फ्लोरिडाचा संघ होता. सातव्या, म्हणजे शेवटच्या डावापर्यंत दोन-दोन अशी बरोबरी, शेवटची पाळी आमची. एक धाव झाली की विजेतेपद.

मी एक सरपटता फटका मारून पहिल्या बेसवर पोचले. पुढच्या पोरीने चेंडू हळूच जमिनीवर टेकवून मला दुसऱ्यावर ढकललं आणि स्वतः बाद झाली. आणखी एकीच्या फटक्यावर मी तिसऱ्यावर गेले, तीही बाद. आता दोन बाद. पुढची आमची आठव्या नंबरची, बरी मारणारी, फार भारी अशी नाही. फ्लोरिडाच्या कोचने हात वर केला आणि नियमात बसतं म्हणून तिला न खेळवताच मुद्दाम पहिल्या बेसवर पाठवून दिलं. त्यांना कोरी हवी होती. अख्ख्या मैदानाला समजलं की ही पोरगी मारत नाही, हिलाच गाठा. दुसऱ्या बेसवर कोणी नव्हतं, ती जागाही त्यांनी पुढच्याच चेंडूला फुकट दिली; आमची पोरगी पळाली, त्यांनी अडवलीही नाही. त्यांना फक्त कोरीचा एक बळी हवा होता.

आमच्या कोचबाई तिसऱ्या बेसपाशी, माझ्या शेजारीच उभ्या असत. तिथून त्या खुणा करायच्या. कंबरेच्या पट्ट्याला हात लावला की अर्थ एकच, मारायचं नाही, चेंडू सोडून द्यायचा. चार चेंडू वाईट पडले की मारणारीला पहिला बेस फुकट मिळतो.

पहिला चेंडू वाईट होता, ज्यावर आमची पोरगी पळाली तोच. दुसराही वाईट, तिसरा तर जमिनीवर आपटला. त्यांची पिचर दमली होती, घाम टपटप गळत होता. अजून एक वाईट चेंडू आणि कोरी पहिल्या बेसवर; तो बेस रिकामाच होता. तिथून पळालेली दुसऱ्यावर, मी तिसऱ्यावर. कोरीला चालत पाठवून धाव मिळत नव्हती, फक्त बेस भरणार होते आणि पाळी आमच्या पहिल्या नंबरच्या पोरीवर, सगळ्यात तापलेल्या पोरीवर येणार होती. कोचना तेच हवं होतं. त्यांनी पट्ट्याला हात लावला.

चौथा चेंडू मधोमध आला. टायर बडवायला शिकलेल्या कुठल्याही पोरीने तो कुंपणापार केला असता. कोरी खांबासारखी उभी राहिली. स्ट्राइक.

पुन्हा पट्ट्याला हात. पुन्हा मधोमध. दुसरा स्ट्राइक. तीन स्ट्राइक म्हणजे बाद; आता आणखी एक चांगला चेंडू सोडला तर कोरी संपली.

"कोच, आता तरी मारू द्या तिला," मी म्हटलं.

"तू चेंडूकडे बघ, डेल."

आणि त्यांनी तिसऱ्यांदा पट्ट्याला हात लावला. असं कोणी करत नाही. कोरी रेषेबाहेर आली. तिला वाटलं असावं की कोच चुकल्या. कोचनी खूण पुन्हा केली, सावकाश. कोरीने सगळ्यांसमोर नकारार्थी मान हलवली आणि परत जाऊन उभी राहिली.

पिचरने चेंडू टाकला. तो खाली, फार खाली आला, कोरीच्या मागे बसलेल्या कॅचरच्या मनगटाला लागून मागे जाळीकडे उडाला. कोरीची बॅट खांद्यावरच होती. मी धावत सुटले आणि होमवर पाय ठेवून जिंकणारी धाव केली तेव्हा कॅचर अजून चेंडू शोधत होती.

मग पोरी माझ्यावर येऊन पडल्या. माझं नाक मातीत, कोणाचं तरी कोपर बरगडीत. त्या ढिगाऱ्यातल्या फटीतून मला कोरी दिसली. चौथा वाईट चेंडू म्हणून ती शहाण्यासारखी पहिल्या बेसवर गेली होती. हातात अजून बॅट होती. तिथल्या अंपायरने तिच्या पाठीवर थोपटून म्हटलं असावं, जा बाळ, संपलं. ती चालत आली, धावत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की कोरी विटमरच्या संयमाने कॉलेजला विजेतेपद मिळालं. कोचनी बातमीदाराला सांगितलं होतं, "तिने माझ्यावर विश्वास ठेवला." परतीच्या बसमध्ये सगळ्या ते मोठमोठ्याने वाचत होत्या.

कोरी माझ्या कानाशी म्हणाली, "मी मारणार होते. खूण मोडायची ठरवली होती. हात हललेच नाहीत."

"चेंडू वाईट आहे हे तुला दिसलं असेल ना."

"मला चेंडूच दिसला नाही, डेल. काहीच दिसलं नाही."

गावात पोचल्यावर ती सरळ कोचच्या खोलीत गेली. या वेळी मला आत घेऊन गेली.

"कोच, मी तुमचं ऐकणारच नव्हते, हातच हलले नाहीत. पेपरात आलंय ते खरं नाही."

"माहीत आहे. मान हलवताना पाहिलं मी."

"मग असं का सांगितलंत?"

"तू घाबरलीस म्हणून सांगू?" कोचबाईंनी चष्मा काढला. "मी दोनदा तुला सोडायला लावलं आणि दोन्ही चेंडू सरळ आले. तिसऱ्यांदा मला माघार घ्यायची लाज वाटली. तो सरळ पडला असता तर लोकांनी मला गावातून हाकललं असतं. वाईट पडला, म्हणून आपण दोघी शहाण्या."

"मला मारायचं होतं," कोरी म्हणाली. एवढंच. कोच म्हणाल्या, "हो. ते मी हिरावून घेतलं तुझ्याकडून." कोरीला त्याने बरं वाटलं असेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.

आता ती जनावरांच्या दवाखान्यात काम करते, लग्न झालंय, दोन मुलं आहेत. गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या संघातून खेळते आणि तिथे तिचे फटके पार्किंगमधल्या गाड्यांवर पडतात. त्याचा तिला आनंद होतोच असं नाही. "आता लागतोय, मेला," म्हणते.

मागच्या वर्षी कॉलेजने आम्हा सगळ्यांना सत्काराला बोलावलं. अध्यक्षांनी संयमावर भाषण ठोकलं आणि कोरीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली, म्हणाली, "मी उभी होते. मी काहीच केलं नाही." लोक हसले, उभे राहून टाळ्या वाजवल्या. केवढी नम्र मुलगी, असं माझ्या शेजारची बाई नवऱ्याला सांगत होती.

बाहेर गाडीपाशी कोरी किल्ली शोधत पर्स उलटीपालटी करत होती.

"खरं सांगितलं तरी टाळ्या," ती म्हणाली. "आता आणखी काय सांगू यांना?"

"काही सांगू नकोस. चल, काहीतरी खाऊ."

"त्यांचा केक नको."

"नको."

आम्ही हायवेवरच्या हॉटेलात गेलो. तिने बर्गर मागवला, अर्धा खाल्ला, आणि मग बोटाने टेबलावर मैदान काढून मला विचारत बसली की तिसऱ्या बेसवरून तो चौथा चेंडू, पहिला सरळ आलेला, नक्की किती मधोमध दिसत होता. मी तिला खरं ते सांगितलं.