दोन नळ्या, एक पट्टी

वारं पहाटेपासून पिसाळलेलं. दशांशबाईंनी मागच्या अंगणात दोन दोऱ्यांवर धुणं घातलं, चिमटे लावले आणि वळल्या तोच धप्पकन आवाज झाला. दोन्ही दोऱ्या चादरींसकट चिखलात.

"एक तुटली तर दुसरी धरेल, असं तूच म्हणाली होतीस ना गं?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

"एकही तुटली नाही, आई."

"मग लोळतायत कशाला?"

दोन्ही दोऱ्या एकाच खिळ्याला बांधलेल्या, नि खिळाच उपटलेला. बाईंनी तो उचलून उलटसुलट पाहिला. चादरी तशाच टाकून त्या कामावर पळाल्या.

"अगं, धुणं?" हा प्रश्न फाटकापर्यंत त्यांच्या मागे धावला.

बाईंचं काम मुलखावेगळं. लष्कराची गाडी मरते कशी, याचं गणित मांडायचं. बॉम्बची कपची कुठं घुसेल, काय फोडेल, ते फुटल्यावर गाडी थांबेल का, सगळं आकड्यांत, दशांशासकट; म्हणून तर नाव दशांशबाई. ब्रेकच्या नळ्या दोन. एक तुटायची शक्यता दहात एक, म्हणून दोन्ही तुटायची शंभरात एक, असं लिहून अहवाल साहेबांकडे गेलाही होता. अकराला सही झाली की तसल्या गाड्यांत माणसं बसणार होती.

शेडमध्ये फिटर चहा पीत होता. "ताई, आज इकडं कुठं? तुम्ही तर कागदावरच गाड्या मारता!"

"बॅटरी द्या. खाली शिरायचंय."

चांगल्या कपड्यांनिशी बाई गाडीखाली सरपटल्या. नकाशात एक नळी लाल, एक निळी, एकमेकींपासून हातभर लांब. इथं दोघी पत्र्याच्या एकाच पट्टीखाली, सख्ख्या बहिणींसारख्या गळ्यात गळे घालून. एकच कपची पुरे होती.

"ह्या एकत्र कुणी आवळल्या?"

"पहिल्यापासून तशाच. लांब ठेवल्या की खडखडतात. नकाशावाल्यांना ते ऐकू येत नाही!"

साहेबांच्या पेनाचं टोपण निघालं होतं. बाईंनी अहवाल हाताखालून ओढलाच.

"माझं चुकलं, साहेब. शंभरात नाही, दहात एक धरा."

"पंधरा वर्षांत तुमचा दशांश कधी हलला नाही, बाई!"

"आज हललाय. एक घर."

साहेबांनी त्यांच्या कोपरावरचं ग्रीस पाहिलं. टोपण परत लावलं. "नळ्या वेगळ्या होईपर्यंत सही नाही."

संध्याकाळी वारं पडलं. बाईंनी भिंतीत नवा खिळा ठोकला, मग चार हात सरकून आणखी एक.

"दोन चादरींसाठी एवढं?" सासूबाई म्हणाल्या.

तोंडात चिमटा धरून बाईंनी एक दोरी एका खिळ्याला बांधली, दुसरी दुसऱ्याला, आणि पुन्हा धुतलेली चादर झटकली.