तिला जवळून ऐकवायची गिटार

बायकोच्या दहाव्याच्या दिवशी कावळा शिवेना. उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं, बुडालेल्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं, आणि काठावर आमची सगळी माणसं उन्हात उभी. कावळे पिंडावर घिरट्या घालायचे आणि परत बाभळीवर जाऊन बसायचे. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आमच्यात धरतात. मग एकेकानं पुढं होऊन बोलायचं असतं. लेक म्हणाला, "आये, आबांना मी सांभाळतो." कावळा हलला नाही. मुलगी म्हणाली, "तुझी म्हस इकणार न्हाय." तरी नाही. बायकोच्या भावानं मला बाजूला घेतलं. "दाजी, शेवटी भांडलाबिंडला व्हता काय?"

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. मी पुढं गेलो आणि म्हणालो, "वरीस व्हायच्या आत तुला जवळून वाजवून दावतो. घरात बसून."

कावळा आला. लोकांनी माझ्याकडं बघितलं. लेकानं मान खाली घातली.

मी वरातीपुढं वाजवणाऱ्या बँजो पार्टीत गिटार वाजवायचो. वीसपंचवीस वर्षं वाजवली असेल. शिकवलं कुणी नाही, शाळाच चौथीपर्यंत. एका तारेवर बोट सरकवत गाण्याची चाल काढायची, बाकीच्या तारा नुसत्या शोभेला. पुढं आमची गाडी, मागं जनरेटर, वर दोन कर्णे. वरात पळसदेवातून निघाली की ती दारात उभी राहून लांबून ऐकायची. घरी आल्यावर म्हणायची, "सगळ्या गावाला वाजवता. एकदा माझ्याजवळ बसून वाजवा की." मी म्हणायचो, यंत्र पार्टीच्या मालकाचं हाय, घरी आणता येत न्हाय. हे खोटं होतं. मालकानं एका शब्दावर दिली असती. मलाच घरात बायकोपुढं वाजवायची लाज वाटायची. पुढं डीजे आले, पार्टी मोडली, गिटार मालकाबरोबर गेली. आजारपणात ती पुन्हा एकदा म्हणाली. मी म्हणालो, आधी बरी हो.

ती बरी झाली नाही.

बोलून बसलो खरा, पण अकरा महिने मी हललो नाही. वर्षश्राद्धाला पंधरा दिवस राहिले तेव्हा लेकाला म्हणालो, "बारामतीला ने. गिटार घ्यायचीय."

"आबा, श्राद्धाला भजनी मंडळ येतंय. तुमी काय तितं वरातीचं वाजवणार व्हय? लोक जेवाय येत्यात, नाचाय न्हाय."

"मी तिला बोललोय."

"बोललाय तर चला. पण सांगून ठेवतो, दणका केला तर मी पंगतीतनं उठून जाईन."

तो जाणारा माणूस आहे. माझ्यावर गेलाय.

भिगवणवरून मोटारसायकलीवर गेलो. दुकान लहान होतं, भिंतीला गिटारी टांगलेल्या. दुकानदार लेकाच्याच वयाचा. त्यानं विचारलं, "कुणासाठी बघताय काका?"

"मला."

त्यानं लेकाकडं बघितलं. लेकानं रस्त्याकडं.

दुकानदारानं एक काळी चकचकीत गिटार काढली आणि स्वतःच वाजवून दाखवली. काय सुरेख वाजली! मी म्हणालो, "तू नगं वाजवू. तुझ्या हातात बरी लागंलच. माझ्याकडं दे." पट्टा खांद्यात घातला तर धोंडा टांगल्यासारखं झालं. उसाच्या मोळ्या वाहून तो खांदा आधीच गेलेला. बरं, मी वाजवतो दांडीच्या खालच्या टोकाला, जिथं बारीक सूर असतात. तिथं हात जाईना, लाकूडच आडवं येत होतं. दुसरीच्या तारा दांडीपासून एवढ्या उंच की दाबताना बोट थरथरायला लागलं. माझी डाव्या हाताची दोन बोटं थंडीत आखडतात, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

तिसरी लाल होती. हलकी. दोन्ही बाजूंनी लाकूड खोल कापलेलं, हात पार शेवटच्या पट्टीपर्यंत गेला. तारा बारीक, नुसतं टेकवलं तरी दबत होत्या. मी म्हणालो, "हीच."

"रंग बघा की दुसरा," लेक म्हणाला. "श्राद्धाला लाल?"

"रंग काय वाजतो काय?"

आता राहिला आवाज. कोपऱ्यात गुडघ्याच्या वर येणारा मोठा अँप्लिफायर होता. मी त्याच्यावर हात ठेवला. दुकानदार म्हणाला, "काका, कुठं वाजवणार?" मी म्हणालो, घरात. तो म्हणाला, "मग हा नको." मला राग आला. मी म्हणालो, "पोरा, तुझ्या जन्माआधीपासनं वाजवतोय मी. लाव."

त्यानं वायर जोडली. आणि मी वरातीतलं काम केलं. आमच्यात बटणं निम्म्यावर ठेवायची रीतच नव्हती. जनरेटरच्या घरघरीत तेवढ्यानं कुणाला काय ऐकू येणार? म्हणून सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि तार छेडली.

अँप्लिफायर असा किंचाळला की भिंतीवरच्या गिटारी आपोआप वाजायला लागल्या. रस्त्यावरचा एक जण कानावर हात ठेवून आत डोकावला. दुकानदारानं झेप टाकून वायर उपटली. लेक उठला आणि बाहेर गेला. मोटारसायकलीवर बसून राहिला, पाठ दुकानाकडं. आता तो किल्ली फिरवणार आणि मला तिथंच सोडून जाणार असं वाटलं. गेला असता तर त्याची चूक नव्हती. मी त्याच्या आईच्या नावानं दणकाच विकत घ्यायला निघालो होतो.

दुकानदारानं पाटाएवढा छोटा अँप्लिफायर पुढं ठेवला. बटण स्वतःच लावलं, अगदी थोडंसं. म्हणाला, "आता बसून वाजवा."

मी स्टुलावर बसलो. नवरी निघताना आम्ही एक धीमी चाल वाजवायचो, ती धरली. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोट तारेवर खरवडत होतं. मधे एका जागी सूर चक्क चुकत होता, आणि कायम तिथंच. वीसपंचवीस वर्षं ते जनरेटरनं आणि कर्ण्यांनी झाकलं होतं. लोक नाचत होते म्हणून मला वाटायचं मी चांगला वाजवतो. मी स्वतःला कधी जवळून ऐकलंच नव्हतं, आणि तिला मी हे ऐकवणार होतो.

हात गिटारीवर तसाच ठेवून मी बसलो. दुकानदार हळू म्हणाला, "काका, याच्यात घुमवायचं बटण असलेला पण येतो. चूक थोडी झाकली जाते."

"नगं," मी म्हणालो. "हाच दे."

बाहेर आलो. लेक अजून तिथंच होता. छोटं खोकं बघून म्हणाला, "एवढाच?"

"एवढाच."

त्यानं खोकं पुढं टाकीवर घेतलं, मी मागं गिटार धरून बसलो.

पंधरा दिवस मी तीच एक चाल घोटली. दुपारी, माणसं रानात गेल्यावर, दार लावून. खरवडणं कमी झालं. ती एक जागा काही सुटेना.

वर्षश्राद्धाला घर भरलं. तिच्या फोटोजवळ भजनी मंडळ बसलेलं, पंगतीची पानं मांडलेली, आतून पातेल्यांचा आवाज, वर पंखा खडखडत होता. ती पीठ मळायला बसायची त्या जागेवर मी बसलो, अँप्लिफायर मांडीशी घेतला. बायकोचा भाऊ म्हणाला, "दाजी, कानात बोळं घालू का?" चारजण हसले. लेक पंगतीत पहिल्या पानावर होता. तो हसला नाही.

मी सुरू केलं. पंख्याच्या खडखडीत माझं मलाच नीट कळेना. बोट बटणाकडं गेलं, थोडंसंच वाढवावं म्हणून. तेवढ्यात लेक पानावरून उठला.

माझा हात थांबला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

तो भिंतीकडं गेला, पंखा बंद केला, आतल्या बायकांना म्हणाला, "भांडी खाली ठिवा जरा." आणि परत येऊन पानावर बसला.

उकाडा होता, पण कुणी हललं नाही. मी बटण होतं तिथंच राहू दिलं आणि पहिल्यापासून धरलं. त्या जागी चुकलो. थांबलो, तो सूर पुन्हा घेतला, आणि पुढं गेलो.