सॅम्युअल टेटच्या आईचं नाव

परवा गेलेल्या बाईंना मी प्रत्यक्ष कधीच भेटलो नव्हतो.
पण त्यांच्या खापरपणजोबांना चुकीचा बाप मी दिला होता.

माझी नोकरी दुबईत, जबल अलीला, वेअरहाउसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये. दिवसभर लोकांचं गिचमिड अक्षर वाचायचं आणि कॉम्प्युटरमध्ये चढवायचं.
घरी येऊन पुन्हा तेच. फक्त हौसेने.

अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या मूळच्या लोकांना हुसकावून गोऱ्यांनी जंगलात लाकडाची घरं बांधली. रस्ते नाहीत, शाळा नाही, पण कोर्टाची वही मात्र चोख.
त्या वह्यांची पानं आता एका वेबसाइटवर आहेत. जगभरातले रिकामटेकडे ती वाचून टाइप करतात. त्यातला एक मी.

"स्वतःच्या पणजोबांचं नाव तरी माहितीये का तुला?" बायको विचारायची.
"माहितीये की. आजोबांच्या नावात मधे आहे."

हे उत्तर लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

एलिनॉरआजी त्या वेबसाइटवरच भेटल्या. वय एकोणनव्वद. "कॉल मी एलिनॉर," म्हणायच्या. मला काही ते जमलं नाही. आमच्या घरात त्या आजीच होत्या.

त्यांचे खापरपणजोबा सॅम्युअल हॅरलन टेट. त्यांच्या थडग्यावरचा दगड पार झिजलेला. आजींना नवा बसवायचा होता, आणि त्यावर सॅम्युअलच्या वडिलांचं नाव हवं होतं. चाळीस वर्षं शोधत होत्या.

मला ते तीन आठवड्यांत सापडलं.
कराच्या एका यादीत सॅम्युअलच्या वरच्याच ओळीत एक हॅरलन टेट होता. सॅम्युअल हॅरलन टेट. मधे बाप. आणखी काय पुरावा पाहिजे?
आपल्याकडे तसंच. इथे अरबांकडेही माणसाच्या नावापुढे बापाचंच नाव. मला शंकासुद्धा आली नाही.

आजी व्हिडिओ कॉलवर रडल्या. चाळीस वर्षं दमलेल्या माणसाला 'सापडलं' म्हटलं, की तो उलटतपासणी घेत नाही.
दगडाची ऑर्डर गेली. सोमवारी कोरायला घेणार, अशी ईमेल आली.

त्याच आठवड्यातला गुरुवार. ऑफिसात इन्शुरन्सचे फॉर्म तपासत होतो. समोर लिझा, आमची फिलिपिनो सहकारी. लिझा मेंडोझा क्रूझ.
"मेंडोझा इज फादर्स नेम, ना?"
"नो सर. दॅट्स माय मदर. हर फॅमिली नेम, बिफोर मॅरेज. बॅक होम एव्हरीबडी लाइक दॅट, सर."

मी तिचा फॉर्म पुन्हा एकदा वाचला.
"सर, यू ओके?"

कंपनीच्या बसने करामाला घरी पोचेपर्यंत मला त्या यादीतला हॅरलन टेट दिसत होता. बाप असेल कशावरून?

शनिवारी सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून बसलो. मी आजवर फक्त टेट शोधत होतो. आता हॅरलन आडनावाची पानं काढली.
एका म्हाताऱ्या हॅरलनचं मृत्युपत्र निघालं. 'माझी मुलगी रेचल टेट हिच्या दोन मुलांना, थोरल्या हॅरलनला आणि धाकट्या सॅम्युअलला, एकेक गाय.'
लग्नांच्या वहीत रेचल हॅरलन आणि जोसेफ टेट.

म्हणजे मी सॅम्युअलच्या सख्ख्या भावाला त्याचा बाप करून ठेवलं होतं.

आमची रेवा, वय अकरा, मागून वाचत होती. "सो हिज मॉम इज इन हिज नेम? देन व्हेअर इज आई इन माइन?"
"बाळा, आधी हे निस्तरू दे."
"दे ना उत्तर," बायको आतून म्हणाली.

मी ईमेल लिहायला घेतली तर बायकोने येऊन लॅपटॉप मिटला. "फोन कर. चूक तोंडाने सांगावी."

संध्याकाळी, म्हणजे आजींच्या सकाळी, फोन लावला. सगळं सांगितलं.
शेवटी विचारलं, "हॅज ही स्टार्टेड कार्व्हिंग?"
"नॉट टिल मंडे, डिअर."

मी खुर्चीत मागे टेकलो. इतकं हलकं मला लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "टेल मी हर नेम अगेन."
"रेचल."
त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "ऑल दीज इयर्स आय ओन्ली आस्क्ड फॉर द फादर," म्हणाल्या.
मीही तेच केलं होतं.

लिझाला सोमवारी पुरणपोळ्यांचा डबा नेऊन दिला. कशाबद्दल, हे तिला अजून नीट कळलेलं नाही.

काल आजींच्या नातवाची ईमेल आली. आजी झोपेतच गेल्या. दगड दीड महिन्यापूर्वी बसला होता, आणि व्हीलचेअरवरून जाऊन त्यांनी तो पाहिला होता.

रडू आलं. पण खरं सांगतो, सुटल्यासारखं जास्त वाटलं. माझी चूक दगडावर वाचून त्या गेल्या असत्या, तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

ईमेलसोबत दगडाचा फोटो आहे.
'सॅम्युअल हॅरलन टेट. रेचल हॅरलन आणि जोसेफ टेट यांचा मुलगा.'
आईचं नाव आधी. तसं कोरा, हे आजींनीच सांगितलं होतं म्हणे.

फोटो मोठा करून अक्षर न् अक्षर तपासलं. सवयच ती.

सगळं बरोबर आहे, आजी.
निवांत जा.