ओल्या पोत्याखालची बॅटरी

आमच्या झोपडीत एकच कोपरा थंड होता आणि तो बॅटरीला दिलेला होता. माझा नवरा सिंदेवाहीकडच्या जंगलात एका लाकूड-ठेकेदाराची मोटार चालवायचा. उन्हाळा लागला की सकाळची फेरी आटोपून तो बॅटरी खोलून घरात आणायचा, रांजणाशेजारी विटांवर ठेवायचा आणि भोवती ओलं पोतं गुंडाळायचा. तापलेल्या मोटारीत राहिली तर आतलं पाणी आटतं, असं तो म्हणे. पोतं भिजवायचं पाणी मात्र मी नाल्यावरून डोक्यावर आणायची. तेजाबाच्या थेंबांनी माझ्या लुगड्यांची चाळण झाली होती. यापेक्षा सवत परवडली, निदान ती पाणी तरी भरेल, असं मी त्याला ऐकवत असे.

तो हसत नसे. आदल्या उन्हाळ्यात जुनी बॅटरी कोरडी पडून निकामी झाली, तेव्हा ठेकेदारानं त्याला मजुरांसमोर कमरेच्या पट्ट्यानं फोडून काढलं होतं. पाठ सोलून निघाली होती. हळद मीच लावली. दुपारी मोटार हलवायची नाही, हा तेव्हापासूनचा हुकूम.

मोहाच्या दिवसांत फुलं वेचायला माणसं जातात आणि खायला अस्वलंही येतात. माझा धाकटा भाऊ पहाटेच्या अंधुक उजेडात अस्वलाच्या पुढ्यातच जाऊन पडला. गावकऱ्यांनी त्याला बाजेवर घालून आमच्या दारात आणलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. कपाळाची कातडी सोलून डोळ्यावर लोंबत होती, फाटक्या गालातून दात दिसत होते. बाजेखाली रक्ताचं थारोळं साचत होतं. तो शुद्धीवर होता, हे त्याहून वाईट. दवाखाना चांद्याला. बैलगाडीनं नेला असता तर वाटेतच संपला असता. मोटार समोर उभी होती, पण बॅटरीवाचून ती हँडल मारूनही सुरू होत नसे.

नवऱ्यानं भावाकडं पाहिलं, मग उन्हाकडं.

"ऊन उतरू दे, मंग नेतो," तो म्हणाला. "बॅटरी जळली त मालक माही कातडी काढते."

मी आधी त्याच्या पाया पडले. मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो आत जाऊन बॅटरीला पाठ लावून बसला. गावकरी नुसते बघत राहिले. ठेकेदार नागपूरला गेला होता, तरी त्याच्या मोटारीला हात लावायची कोणाची छाती नव्हती. बाहेर भाऊ पाणी मागत होता. मी पाजलेलं पाणी त्याच्या गालातून वाहून जात होतं. आणि आत ते पोतं गारेगार होतं. माझं डोकं फिरलं. कुडाला टेकवलेली कुऱ्हाड घेतली आणि नवऱ्यासमोर उभी राहून दोन्ही हातांनी वर उचलली.

"गाडीत ठेवा," मी म्हणाले, "नाई त फोडून टाकीन."

त्यानं बॅटरी उचलली. ती बसवली आणि मोटार पहिल्याच दमात सुरू झाली. वाटभर भावाचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्याची कातडी मी तळहातानं जागेवर दाबून धरली होती. खड्डा आला की तो गुरासारखा ओरडे, आणि ओरडतोय म्हणजे जिवंत आहे असं मी स्वतःला सांगे. चांद्याच्या डॉक्टरांनी टाके घातले. एक डोळा गेला, पण भाऊ जगला.

पुढं ठेकेदार नागपूरहून परतला. बॅटरी धडधाकट होती, तरी दुपारी मोटार काढली म्हणून त्यानं पुन्हा पट्टा उपसला. मी मध्ये पडले, तर फटके माझ्याही खांद्यावर बसले. मी त्याच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावले, आणि सांगते, बरं वाटलं. त्याच दिवशी त्यानं आम्हाला हाकलून दिलं.

डोक्यावर भांडीकुंडी घेऊन आम्ही आरमोरीच्या वाटेला लागलो. नवरा पुढं, मी मागं. त्याच्या पाठीवर सदरा चिकटला होता.  मागं न वळता तो म्हणाला,

"तू बॅटरी नव्हती फोडनार. मले मारनार होती."

मला त्याची दया आली, पण खोटं बोलवेना. मी हो म्हणाले.