बेल्जियममध्ये पाऊल न टाकण्याचा माझा प्रयत्न

सीमा बघायला जायचं हे मी ठरवलं नव्हतं. मला पाठवण्यात आलं. हॉलंडला जाणाऱ्या वाचकांनी ही सहल जरूर करावी, पण आपल्याला कोण पाठवतंय आणि का, याची आधी चौकशी करावी.

त्या वसंतात मी माझ्या मुलीकडे, मृणालकडे, ब्रेडाला होते. तिचं पहिलं बाळंतपण. आपल्या परदेशातल्या मुलांनी आज्यांसाठी एक पद्धत काढली आहे, कंपनीतल्या शिफ्टसारखी. आधी मुलीची आई तीन महिने, मग मुलाची आई तीन महिने. मध्ये चार-आठ दिवस दोघी एकत्र, म्हणजे कुठला डबा कुठे आहे ते दाखवायला. माझी शिफ्ट पहिली. पण बाळाला वेळेची शिस्त नव्हती. सांगितलेली तारीख उलटून गेली, माझा व्हिसा संपायला आठवडा उरला, आणि साताऱ्याहून माझ्या विहीणबाई, कुसुमताई, डिंकाच्या लाडवांचा पत्र्याचा डबा घेऊन हजर झाल्या. मी इतके दिवस पॅड बांधून बसायचं आणि बॅटिंगला यांनी उतरायचं. बाळ बघितल्याशिवाय मला परत जावं लागणार, हे कोणी बोलत नव्हतं, पण स्वयंपाकघरात ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

त्या सकाळी हळिवाची खीर नारळाच्या दुधात की साध्या, यावर आमचं चाललं होतं. मृणाल ओट्याला टेकून उभी होती.

"तुम्ही दोघी घराबाहेर पडल्याशिवाय हे बाळ बाहेर पडणार नाही," ती म्हणाली.

जावई लगेच एक माहितीपत्रक घेऊन आला. अमेय लॉजिस्टिक्स कंपनीत संगणकाचं काम करतो आणि त्याला डच वाचता येतं, असा त्याचा दावा आहे.

"आई, हे बघा. बार्लेची सहल, गाईडसकट. विजेचं कुंपण, बंदुका घेतलेले पहारेकरी, कोणी जवळ गेलं की गोळी."

"आणि हे आपल्याला बघू देतात?"

"गाईड असतो ना बरोबर. मी बुकिंग करून टाकलंय."

तो त्या दिवशी घरूनच काम करणार होता. याचं मला नवल वाटायला हवं होतं.

माझी हयात बँकेत गेली. सही जुळली नाही तर चेक परत, मग समोर कोणी का असेना. त्यामुळे पहाऱ्याच्या जागी कसं जायचं ते मला कळतं. पासपोर्ट, त्याच्या झेरॉक्स, परतीचं तिकीट, विम्याचे कागद, पासपोर्ट साइझचे फोटो, आणि अमेयच्या परमिटची प्रत असं सगळं मी पिशवीत घेतलं. कुसुमताईंनी दशम्या आणि लसणाची चटणी घेतली.

ब्रेडा स्टेशनवरून बार्लेला बस जाते. तिकिटासाठी पट्ट्यांचं कार्ड मिळतं. ते स्टेशनवर किंवा किराणा दुकानात आधीच घ्यावं, ड्रायव्हरकडे महाग पडतं. ड्रायव्हर त्यावर शिक्का मारतो आणि कार्डाची घडी आपल्याकडे अशी परत देतो की जणू आपणच त्याची चूक आहोत. वाटेत शतावरीची शेतं दिसतात. ही भाजी ते मातीचे उंच वाफे करून त्यात पुरून ठेवतात, उजेड लागू देत नाहीत, आणि मग पांढरी पडली म्हणून जास्त पैसे घेतात.

"ऊन न लागलेली भाजी ती काय खायची," कुसुमताई म्हणाल्या. या एका मुद्द्यावर आमचं प्रथमच एकमत झालं.

बार्लेच्या पर्यटन कार्यालयात टेबलामागच्या बाईंपुढे मी पासपोर्ट ठेवला. त्यांनी तो तसाच माझ्याकडे सरकवला.

"नको, मॅडम."

"उघडून तरी बघा."

"कशासाठी?"

पहाऱ्याच्या जागी पासपोर्ट न बघणाऱ्या देशाबद्दल माझं मत तिथेच बनलं.

गाईडचं नाव एल्स. माझ्याच वयाची, माझ्याहून हातभर उंच, गळ्यात शिट्टी. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपिरियरला पँट घातली असती तर अशीच दिसली असती. बरोबर सहा डच निवृत्त मंडळी, सगळे रेनकोटात, सगळ्यांकडे पावाचे डबे. एल्स सगळं आधी डचमध्ये आणि मग आमच्या दोघींसाठी इंग्रजीत सांगायची. इंग्रजीत विनोद गळून जायचे, माहिती उरायची.

"सध्या कुंपणावर किती सैनिक आहेत?" मी विचारलं.

"सध्या? एकही नाही. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हाच ते घरी गेले."

ते कुंपण म्हणजे शेतात पुन्हा उभारलेला नमुना होता आणि तो दुपारनंतर दाखवणार होते. बेल्जियम तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं, हॉलंड युद्धात नव्हतं. लोक पळून हॉलंडला येऊ नयेत म्हणून जर्मनांनी सीमेवर विजेची तार ओढली होती. माहितीपत्रकातला भूतकाळ अमेयने खाऊन टाकला होता. संध्याकाळी त्याच्याशी काय बोलायचं ते मी मनात रचू लागले.

सकाळी मात्र गाव. हे गाव म्हणजे ठिगळांची गोधडी आहे. हॉलंडच्या पोटात बेल्जियमचे तुकडे, त्या तुकड्यांच्या पोटात परत हॉलंड. फुटपाथवर पांढऱ्या फुल्या मारून सीमा दाखवली आहे. घर कुठल्या देशातलं, हे त्याच्या पुढच्या दारावरून ठरतं. सीमा दारातूनच गेली असेल तर नवरा-बायकोने काय करायचं, ते मात्र एल्सने सांगितलं नाही. पहिल्या फुल्यांपाशी सगळे जण ओलांडून पलीकडे गेले. कुसुमताईही गेल्या. मी थांबले.

"या ना, सुलभाताई."

"माझा व्हिसा सिंगल एन्ट्री आहे," मी म्हणाले. "एकदाच आत यायची परवानगी. बेल्जियममध्ये गेले की हॉलंडमधून बाहेर पडले. मग परत आत कशी येणार?"

एल्स फुल्यांपाशी आली. "मॅडम, तो व्हिसा दोन्ही देशांना चालतो. आणि इथे कोणी तपासत नाही."

"कोणी तपासत नाही तिथेच माणसं पकडली जातात."

"कोण पकडणार?"

आमच्या शाळेत एक सिस्टर होत्या, बेल्जियमच्याच. वर्गात कोणी नसतानाही देव बघतो, असं त्या छडी टेबलावर आपटून सांगायच्या. त्यांच्याच देशात मी चोरून शिरावं? पकडलं तर विमानतळावरूनच रवानगी, आणि हातात असलेला तो आठवडाही जायचा. बाळ त्याच आठवड्यात यायचं होतं, यायचं असेल तर.

मग मी हॉलंडमधूनच सहल केली. गट बेल्जियमच्या फुटपाथवरून, मी समोरच्या. मध्ये बेल्जियम आडवं आलं की मागे फिरून गल्लीतून वळसा. एल्स मला ऐकू यावं म्हणून ओरडून सांगायची. एका घराने कर वाचवायला आपलं दार कसं हलवलं, हे अख्ख्या रस्त्याला कळलं. त्या घरातली बाई खिडकीत आली आणि तिने पडदा ओढून घेतला. रेनकोटवाल्यांपैकी एक गृहस्थ प्रत्येक वळणावर बोट दाखवून मला सांगू लागले, "हॉलंड, हॉलंड, नाही, बेल्जियम." चांगला माणूस होता.

दुपारी कॉफीला थांबलो. सीमा त्या हॉटेलातूनच जाते. माझं टेबल हॉलंडमध्ये होतं, याची मी खात्री करून घेतली. कॉफीबरोबर एकच बिस्कीट देतात, दुसरं मागू नये. स्वच्छतागृह बेल्जियममध्ये होतं.

"मी जाऊन येते," कुसुमताई म्हणाल्या. आल्या त्या हात पुसत. "स्वच्छ आहे हो बेल्जियम. तुम्हाला नको?"

"मला गरज नाही."

"सकाळपासून?"

मी बिस्कीट खाल्लं.

तेवढ्यात माझ्या पिशवीतला मोबाइल वाजला. अमेयने दोघींमध्ये मिळून एक दिला होता. फोन नव्हता, निरोप होता: बेल्जियममध्ये आपले स्वागत आहे. मी पूर्णपणे हॉलंडमध्ये बसले होते. तरी ते यंत्र माझ्याविरुद्ध पुरावा तयार करत होतं. मी फोन बंद केला आणि फोटोंच्या पाकिटाखाली दाबून ठेवला.

"अमेयचा फोन आला तर?" कुसुमताई म्हणाल्या.

"त्याला काय सांगायचं असणार? तो संगणकापुढे बसलाय."

गावाबाहेरचं कुंपण बघायला चालत गेलो. मातीचा रस्ता आहे, चपला नकोत. लाकडी खांब, त्यांना पांढरी चिनी मातीची बोंडं, त्यांतून ओढलेल्या तारा. आता त्यांत वीज नाही. एक गाय पलीकडून आमच्याकडे बघत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार किरकोळ होतं. आपल्याकडे कोबीच्या शेताला याहून जाडजूड कुंपण घालतात.

एल्सने शिट्टी न वाजवताच सगळे गप्प झाले. माणसं या तारेला चिकटून मेली, ती म्हणाली, कारण वीज म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्यांना तोवर माहीतच नव्हतं. मग काहींनी पिंपाच्या आत रबर लावून ते तारांमध्ये सरकवायचं आणि त्यातून रांगत यायचं, अशी युक्ती काढली. तिची आजी लग्न होऊन हॉलंडच्या बाजूला आली होती, आजीची आई बेल्जियममध्येच राहिली. बाळ झालं तेव्हा आजीने ते शेतात लांबून दोन्ही हातांनी वर धरलं. पलीकडे आई उभी. पहारेकऱ्याने बराच वेळ दुसरीकडे बघितलं, आणि मग पुन्हा त्यांच्याकडे बघायला लागला.

"मुलगा की मुलगी ते कळलं का तिला?" कुसुमताईंनी मराठीत विचारलं. मी भाषांतर केलं.

"ओरडून सांगितलं," एल्स म्हणाली. "पण वारा उलटा होता."

कुसुमताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दशमी खाता का?" मी घेतली. चटणी तिखट होती.

आम्ही खातोय तोच मातीच्या रस्त्यावरून सायकल आली. पर्यटन कार्यालयातल्या बाई, धापा टाकत. ब्रेडाहून फोन होता. तुमचा मोबाइल लागत नाही म्हणे.

"तुमच्यातली आजी कोण?"

आम्ही दोघींनी हात वर केले. शाळेनंतर मी पहिल्यांदाच.

मृणालला कळा येत होत्या. फोनवर अमेयने काय सांगितलं ते त्या बाईंनी प्रामाणिकपणे जसंच्या तसं सांगितलं: कळा पहाटेपासूनच येत होत्या, पण सुईण म्हणाली होती की घर शांत हवं. आता वेळ जवळ आली आहे. इथे बाळंतपण घरीच करतात, सुईण सायकलवरून येते, हे मला आधीपासून पसंत नव्हतं. पण माझ्या मुलीने कळा सोसत मला कुंपण बघायला पाठवलं, हे ऐकून मी उरलेली दशमी तशीच पिशवीत कोंबली.

बसला तासभर होता. एल्स म्हणाली, "माझी गाडी आहे." आणि तिने तारेपलीकडे, शेतघराकडे बोट दाखवलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. रेनकोटवाल्या गृहस्थांनी हळूच म्हटलं, "बेल्जियम."

"तुम्ही इथेच थांबा, ती गाडी वळवून आणेल," कुसुमताई म्हणाल्या. "तुमचा व्हिसा..."

"खड्ड्यात गेला व्हिसा," मी म्हणाले. कुंपणाच्या टोकाला वळसा घालून, साडी घोट्यावर धरून मी बेल्जियममधून पळत सुटले. गाय बाजूला झाली. एल्सच्या गाडीने गावातून जाताना किती वेळा देश बदलला, ते मी मोजलं नाही. स्वच्छतागृहाची आठवण मात्र प्रत्येक खड्ड्याला होत होती.

घरी पोहोचलो आणि मला खरा पहारा दिसला. डच घरातला जिना शिडीसारखा उभा आणि जेमतेम एका माणसापुरता असतो. त्याच्या वरच्या पायरीवर सुईणीची मदतनीस हात आडवा धरून उभी होती. निळा झगा, दणकट मनगटं. खालून मी तिला सांगितलं की मी मुलीची आई आहे. ती म्हणाली, थांबा. मी म्हणाले, माझ्याकडे पासपोर्ट आहे. ती म्हणाली, थांबा. दिवसभरात प्रथमच कोणीतरी मला अडवत होतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मी आणि कुसुमताई खालच्या पायरीवर दाटीवाटीने बसलो. अमेयशी जे बोलायचं मी रचलं होतं ते तो दाराआडून डोकावला तेव्हा बोलायला घेतलं, पण त्याचा चेहरा इतका पांढरा होता, शतावरीसारखा, की मी सोडून दिलं.

उन्हं कलली तेव्हा वरून बाळाचा आवाज आला. मुलगी.

बऱ्याच वेळाने मदतनीस म्हणाली, "आता एक जण. फक्त एक."

आम्ही दोघी उठलो. मला मान्य करायला हवं की मी कोपर पुढे केलं होतं. कुसुमताईंनी जिन्याचा कठडा सोडला.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "तुमचा व्हिसा संपतोय. माझा आहे अजून."

मदतनीस बाईने त्यांनाही आत सोडेपर्यंत कुसुमताई खाली एकट्या बसून होत्या. मी बाळाला दारापर्यंत आणलं आणि जिन्यावरून खाली दिसेल असं धरलं. "मुलगी," मी सांगितलं. "नाक तुमचं आहे." हे मी सहज कोणाला दिलं नसतं. नंतर अमेयने सगळ्यांना टोस्टवर साखरेत घोळलेली गुलाबी बडीशेप घालून दिली. तिकडे पेढ्याऐवजी तेच वाटतात. ज्यांना गोड बातमी कुरकुरीत आवडते त्यांना ते आवडेल.

आठवड्याने स्खिपोल विमानतळावर अधिकाऱ्याने माझ्या पासपोर्टवर न बघता शिक्का मारला. मला राहवलं नाही.

"मी बेल्जियममध्ये जाऊन आले आहे," मी सांगितलं.

"छान," तो म्हणाला. "आवडलं का?"

"नीट बघितलंच नाही. घाईत होते."

आता मी पुण्यात आहे. पिशवीतले ते फोटो तसेच आहेत. कुसुमताई रोज संध्याकाळी फोन करतात आणि बाळाने काय काय केलं ते सांगतात, आणि मग फोन बाळाच्या तोंडाशी धरतात. मला बहुतेक वेळा नुसती खरखर ऐकू येते. हळिवाची खीर त्या साध्या दुधातच करतात, हेही मला कळलं आहे. मी काही बोलत नाही. आता तिकडचा पहारा त्यांचा आहे, आणि अधूनमधून दुसरीकडे बघणारा पहारेकरी सगळ्यांनाच मिळत नाही.