ऑकलंड ते दमदम

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा त्यांची लेक मुक्ता ऑकलंडहून निघून सिंगापूरच्या विमानतळावर कोलकात्याच्या विमानाची वाट पाहत बसली होती. "भावजी, हे गेले... तिला अजून सांगितलेलं नाही," एवढंच वहिनी म्हणाल्या. दीड महिना होत आला, पण शिरीषची आठवण आली की डोळ्यांत पाणी येण्याआधी माझं डोकं फिरतं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय.

शिरीष आणि मी एकाच बँकेतून बदलीवर इथे कोलकात्याला आलो आणि सॉल्ट लेकला शेजारी-शेजारी घरं घेऊन राहिलो. आमच्या मराठी मंडळींत ज्यांची मुलं परदेशी, ते सगळे तिकिटाआधी त्याला विचारायचे. "ऑकलंड अकरा हजार किलोमीटर, हवेत पंधरा तास, हे इंटरनेट सांगतं," तो खेकसायचा. "तिकीट मिळेपर्यंतचा वेळ, मधल्या विमानतळावरचं ताटकळणं कोण धरणार? दोन दिवस धरा. आणि मुलांना वेळेवर कळवा!" बेहालाच्या कुलकर्णीकाकूंनी आपलं आजारपण मुलापासून लपवलं, तेव्हा गणपतीच्या आरतीनंतर भर मंडपात तो त्यांच्यावर उखडला होता.

आणि स्वतः? डॉक्टरांनी "जवळच्यांना बोलावून घ्या" म्हटल्यावर याने वहिनींना गळ्याची शपथ घातली, मुक्ताला कळवायचं नाही. का, तर मुक्ताला नवी नोकरी लागली होती. मला म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू रे. एका दिवसात तर येते." मी ओरडलोच, "एक दिवस? हे तू म्हणतोस?" तर नुसता हसला. लोकांच्या मुलांसाठी रस्ता दोन दिवसांचा, आणि याची मुलगी काय उडी मारून येणार होती? शेवटी मीच तिला फोन केला. ती मिळेल त्या विमानाने निघाली... तरी उशीर झालाच. वडिलांचा हात हातात घेऊन बसायचा हक्क तिचा होता. तो याने तिला न विचारता काढून घेतला, आणि लोक त्याला त्याग म्हणतात. मला असल्या त्यागाची चीड येते.

तिला आणायला दमदम विमानतळावर मी गेलो. दर वेळी शिरीष जायचा. हॉटेलचे ड्रायव्हर धरतात तशी पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभा राहायचा. त्यावर लिहिलेलं, 'कु. मुक्ता, पोहे तयार आहेत'. कुणी हसलं की आणखी उंच धरायचा. मुक्ता बाहेर आली, तिने मला पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे.

"काका... पाटी कुठाय?"

मला काही सांगावं लागलं नाही.

परत जाताना मुक्ता पाटी बरोबर नेणार होती. बॅगेत बसेना आणि दुमडायला ती तयार होईना. म्हणून पाटी अजून त्यांच्या दारामागेच आहे. वहिनींकडे गेलो की मी तिकडे बघायचं टाळतो. बघितलं की भांडण पुन्हा सुरू होतं. अरे, एक फोन करायचा होतास... लेकच होती ना तुझी!